अकरा वर्षांनी पुन्हा सायकलवर. सगळ्यांच्या मागे राहून उत्साह कसा टिकवावा?

मागचा_दिवा (धागाकर्ता)

नमस्कार. माझे वय ४८ आहे. सदतिसाव्या वर्षापर्यंत मी नियमित सायकल चालवीत असे. आठवड्याला दीडशे ते दोनशे किलोमीटर सहज होत आणि चाळीस किलोमीटरच्या नेहमीच्या फेरीचा सरासरी वेग ताशी २७ च्या आसपास पडे. पुढे नोकरीच्या बदललेल्या वेळा, घरातले एक लांबलेले आजारपण आणि शेवटी निव्वळ आळस, अशा क्रमाने सायकल आधी कोपऱ्यात आणि मग माळ्यावर गेली, ती अकरा वर्षे तिथेच राहिली.

दोन महिन्यांपूर्वी मी ती खाली उतरवली. टायरांना भेगा पडल्या होत्या, ब्रेकचे पॅड दगडासारखे घट्ट झाले होते आणि केबल गंजून जाम झाल्या होत्या. हे सारे बदलून घेतले आणि आठवड्यातून तीन दिवस निघू लागलो. आता तीच फेरी मी १८ च्या सरासरीने करतो. वाटेत सुमारे दोन किलोमीटरचा एक चढ आहे, तिथे मला दोनदा उतरून श्वास घ्यावा लागतो. गेल्या आठवड्यात त्याच चढावर पाठीला दप्तर लावलेला एक शाळकरी मुलगा बिनगिअरच्या सायकलवरून मला ओलांडून गेला. त्याचे काहीच वाटले नसते, पण वीसेक मीटर पुढे गेल्यावर मी ठीक आहे ना, हे पाहण्यासाठी त्याने मागे वळून पाहिले.

त्यात भर म्हणजे ॲपमध्ये माझ्या जुन्या नोंदी अजून शाबूत आहेत. प्रत्येक फेरीनंतर ते मला, ही तुमची या रस्त्यावरची एकशे चौदाव्या क्रमांकाची वेळ आहे, असे मोठ्या आपुलकीने कळवते. एका गटाबरोबरही दोनदा जाऊन पाहिले. ‘कोणालाही मागे सोडत नाही’ असे त्यांनी सांगितले होते, परंतु दोन्ही वेळा तिसऱ्या किलोमीटरनंतर मला त्यांचे मागचे दिवेही दिसले नाहीत.

व्यायामाचे महत्त्व मला पटलेले आहे, त्यामुळे कृपया ते सांगू नये. माझा प्रश्न एवढाच आहे की, आपण एकेकाळी बरे होतो हे पक्के ठाऊक असताना वाईट असण्याचा हा काळ माणसाने कसा काढावा?

समोरचा_वारा

धागाकर्त्यांनी दिलेल्या आकड्यांपासूनच सुरुवात करतो, कारण सरासरी वेग हा आपण समजतो तितका सरळ आकडा नाही.

सपाट रस्त्यावर हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. सायकलसह ८५ किलो वजन आणि सरळ बसण्याची साधारण ढब धरून मी ढोबळ गणित केले. शांत हवेत ताशी १८ ला सुमारे ५५ वॉट लागतात आणि २७ ला सुमारे १४० वॉट. म्हणजे वेग दीडपट, पण शक्ती अडीचपट. हे वाचून आपल्याला आणखी वाईट वाटेल याची मला कल्पना आहे, परंतु याच गणिताची दुसरी बाजूही पाहावी. १८ वरून २१ वर येण्यासाठी वीस-बावीस वॉट पुरतात, तर २७ वरून ३० वर जाण्यासाठी चाळीसहून अधिक वॉट जास्तीचे मोजावे लागतात. तळाशी असणाऱ्याला तेच तीन किलोमीटर निम्म्या भावात मिळतात. आज आपण ज्या जागी आहात, तिथे सुधारणा सर्वांत स्वस्त आहे.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. त्याच ५५ वॉटमध्ये, ताशी १० किलोमीटरचा साधा वारा समोरून आला तर वेग १८ वरून सुमारे १३ वर येतो. झाडाची पाने नुसती हलत राहतील इतकाच हा वारा असतो. सिग्नल, खड्डे आणि जुन्या टायरात कमी भरलेली हवा यांचा हिशेब यात धरलेलाच नाही. महिनाभरात शरीरात झालेली खरी सुधारणा एका सकाळच्या वाऱ्यात अशी गडप होते आणि आपण घरी येऊन म्हणतो, की काहीच फरक पडत नाही. म्हणून मी पहिले सहा महिने वेग पाहिलाच नाही. सायकलवर किती तास बसलो, एवढेच लिहीत गेलो. हँडलवरच्या मीटरवर तेव्हा चिकटपट्टी लावली होती. ती काढल्यावर उरलेला चिकट डाग अजून तिथे आहे.

जुनी_साखळी

मी या क्षेत्रातली जाणकार नाही, परंतु नऊ वर्षांच्या खंडानंतर परत आले आणि घाईने स्वतःचे नुकसान करून घेतले, म्हणून लिहिते.

व्यायाम थांबला की सर्वांत आधी रक्तातल्या द्रवाचे प्रमाण घटते. त्याला दोन-तीन आठवडेही पुरतात. रक्त कमी, म्हणून हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्त कमी, म्हणून त्याच कामासाठी ठोके जास्त. त्यापाठोपाठ स्नायूंची प्राणवायू वापरण्याची क्षमता उतरते. परतताना मात्र हा द्रवही लवकर भरून निघतो. पहिल्या काही आठवड्यांत अचानक बरे वाटू लागते, त्याचे एक मोठे कारण हे आहे. गोची इथूनच सुरू होते. दम परत येतो, मांड्याही हळूहळू साथ देऊ लागतात, पण स्नायूला हाडाशी जोडणारे कंडरे फार सावकाश तयार होतात. त्यांच्याकडे रक्तपुरवठा कमी असतो आणि त्यांची तक्रार उशिरा येते.

माझे नेमके हेच झाले. पाचव्या आठवड्यात दम पुरतो आहे असे पाहून मी जड गिअर लावून चढ चढू लागले. सातव्या आठवड्यात गुडघ्याच्या वाटीखाली बारीक ठणका सुरू झाला. जिना उतरताना तो जाणवे आणि सायकलवर बसले की दहा मिनिटांत नाहीसा होई, म्हणून मी दुर्लक्ष केले. त्याची किंमत म्हणून अडीच महिने सायकल बंद ठेवावी लागली. दुसऱ्यांदा परतणे हे पहिल्यांदा परतण्यापेक्षा कितीतरी अवघड असते, एवढे मी अनुभवाने सांगू शकते.

गुडघा पुढून दुखत असेल तर बहुधा सीट खाली असते आणि मागून दुखत असेल तर बहुधा वर असते. हा ठोकताळा आहे, निदान नव्हे. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी तळाशी नेले असता पाय जेमतेम सरळ व्हावा, इथून सुरुवात करावी. अकरा वर्षांपूर्वीची सीटची खूण आज बरोबर असेलच असे नाही, कारण दरम्यान कंबर आणि पोटऱ्या आखडलेल्या असतात. छातीत दुखणे, भोवळ येणे असा काही त्रास असेल किंवा रक्तदाबाची औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोलावे. त्यांतली काही औषधे हृदयाचे ठोके वाढूच देत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातल्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. अशा वेळी, आपण पूर्ण वाक्य बोलू शकतो का, हीच कसोटी बरी.

दोन_टायर_एक_हट्ट

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर राखून मी असहमती नोंदवतो. वेग पाहू नका, तास मोजा, आनंद घ्या, हे सगळे ज्यांचा स्वभाव तसा आहे त्यांच्यासाठी ठीक आहे. मला आकडे आवडतात. आकडा काढून घेतला तर मी घरीच बसेन. जुना आकडा समोर ठेवणे एवढीच चूक आहे, असे माझे मत आहे.

मी परतलो तेव्हा ॲपमधल्या जुन्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्या आणि कोऱ्या पाटीवर सुरुवात केली. पहिल्या दिवशीची माझी वेळ ही त्या रस्त्यावरची माझी आजवरची सर्वोत्तम वेळ होती, कारण ती एकमेव होती. दुसऱ्या आठवड्यात ती मोडली. तीन महिन्यांत मी इतके ‘विक्रम’ केले, जितके आधीच्या पाच वर्षांत केले नव्हते. याला कोणी आत्मवंचना म्हणत असेल तर म्हणो.

मागचा_दिवा (धागाकर्ता)

इतक्या सविस्तर उत्तरांबद्दल आभार. जुन्या नोंदी पुसण्याची कल्पना मी काल रात्री गंभीरपणे विचारात घेतली आणि बोट त्या बटणापर्यंत नेऊन मागे घेतले. त्या फेऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक फेऱ्या मी एका मित्राबरोबर केल्या होत्या आणि तो आता नाही. त्या नकाशांवर आम्ही कुठे थांबलो, कुठे वाट चुकलो आणि कुठे पावसात आडोसा शोधला, हे अजून दिसते. वेळांचे मला काही नाही, पण नकाशे पुसवत नाहीत.

दोन_टायर_एक_हट्ट

क्षमा असावी, हे माझ्या ध्यानात आले नाही. मग नोंदी पुसूच नयेत. जुन्या खात्याला हात न लावता नव्या फेऱ्यांसाठी दुसरे खाते उघडावे. नकाशे पाहावेसे वाटले की जुने उघडता येईल, आणि फेरी संपवून धापा टाकत असताना ते समोर येणार नाही.

खालचा_गिअर

सगळे मनाविषयी आणि शरीराविषयी बोलत आहेत. माझी शंका यंत्रावर आहे. धागाकर्त्यांच्या सायकलवर पुढच्या आणि मागच्या चक्रांना किती दाते आहेत?

मागचा_दिवा (धागाकर्ता)

पुढे ५३ आणि ३९. मागे सर्वांत मोठे चक्र २५ दात्यांचे आहे.

खालचा_गिअर

वाटलेच होते. हे गिअर सत्तावीसच्या सरासरीने जाणाऱ्या सदतीस वर्षांच्या माणसासाठी निवडलेले आहेत, आणि तो माणूस सध्या ही सायकल चालवीत नाही.

हिशेब मांडतो. चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. ३९ ला २५ ने भागले की १.५६ येतात, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ३.३ मीटर पुढे जाते. गुडघ्याला जपायचे तर चढावरही मिनिटाला निदान साठ फेरे पडावेत. साठ फेऱ्यांना आपला वेग ताशी जवळजवळ १२ किलोमीटर होतो. सहा टक्क्यांच्या चढावर ८५ किलो वजन त्या वेगाने वर नेण्यासाठी निव्वळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे १६५ वॉट लागतात. आपण सपाटीवर ५५ वॉट देत आहात, तेव्हा चढावर त्याच्या तिप्पट कुठून आणणार? मग फेरे चाळीसवर येतात, प्रत्येक फेरा म्हणजे पायऱ्यांवर पोते चढवल्यासारखा होतो आणि माणूस उतरतो. यात हिमतीचा काही संबंध नाही.

पुढे ३४ आणि मागे ३४ दाते असतील तर एका फेऱ्यात २.१ मीटर, साठ फेऱ्यांना ताशी साडेसात किलोमीटर आणि गुरुत्वाकर्षणाविरुद्ध १०५ वॉट एवढेच लागतात. तेही सोपे नाहीत, पण दोन किलोमीटरचा चढ सोळा मिनिटांत बसूनच पार पडतो.

एक अडचण आहे ती आधीच सांगतो, म्हणजे नंतर चिडचिड होणार नाही. आपल्या जुन्या क्रँकवर, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या जोडावर, चक्र बसवण्याच्या बोल्टांचे वर्तुळ १३० मिलिमीटर व्यासाचे असण्याची शक्यता दाट आहे. त्यावर ३८ दात्यांपेक्षा लहान चक्र बसत नाही, तेव्हा क्रँकच बदलावी लागेल. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा आखूड दांडीचा डिरेलरही ३४ दात्यांच्या चक्राला पुरणार नाही, तो लांब दांडीचा लागेल आणि साखळीही नवी घ्यावी लागेल. हे सर्व एकदम करायचे नसेल, तर निदान जुन्या डिरेलरला झेपेल तेवढे मोठे, म्हणजे बहुधा २८ दात्यांचे चक्र मागे बसवावे. दोन-तीन दातेही चढावर कळतात.

लहान गिअर लावण्यात काही जणांना कमीपणा वाटतो. मी त्यांना चढाच्या वरच्या टोकाला भेटतो. तेव्हा ते चालत येत असतात.

रविवारचा_प्रवासी

गटाविषयी कोणी फारसे लिहिले नाही, म्हणून लिहितो. ‘कोणालाही मागे सोडत नाही’ हे वाक्य उच्चारणाऱ्यांचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण ते म्हणजे नेमके काय करणार, हे कोणी ठरवलेले नसते. मी अनेक वर्षे गटाच्या शेपटीला राहिलेला माणूस आहे आणि एक दृश्य माझ्या इतके परिचयाचे आहे की ते झोपेतही दिसते. पुढे गेलेली मंडळी वळणावर थांबलेली असतात. सात-आठ मिनिटे त्यांनी पाणी प्यालेले असते, गप्पा झालेल्या असतात. मी पोचतो. कोणीतरी आनंदाने म्हणतो, ‘चला, सगळे आले!’ आणि सगळे निघतात. ज्याला विश्रांतीची सर्वांत अधिक गरज असते, त्याच्या वाट्याला अख्ख्या फेरीत एकही विश्रांती येत नाही.

शिवाय गटातल्यांना पुढच्याच्या आडोशामुळे वारा कमी लागतो, त्यांची पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. जो एकदा सुटला, त्याला तोच वेग राखण्यासाठी तेवढी मेहनत जास्त करावी लागते. म्हणजे पाच मीटरची फट पडली की पुढचे सगळे आपोआप घडते. आपण अशक्त आहोत म्हणून अर्धा किलोमीटर मागे पडलो असे वाटते, परंतु अशक्तपणामुळे पडलेली फट फक्त पाच मीटरची असते.

यावर मी दोन उपाय करतो. गटाच्या अर्धा तास आधी निघतो, म्हणजे ते मला मध्येच गाठतात आणि काही काळ सोबत होते. किंवा जिथून ते परत फिरणार असतात त्याच्या अलीकडेच मी वळतो. दोन्हींत संकोच वाटण्यासारखे काही नाही, मात्र गटाच्या म्होरक्याला आधी सांगून ठेवावे, नाहीतर शोधाशोध होते. आणि गटात सामील होण्यापूर्वी सरासरी किती आहे हे न विचारता, शेवटचा माणूस आल्यावर तुम्ही किती वेळ थांबता, हे विचारावे. उत्तर देणारा क्षणभर गोंधळला, तर तो गट आपला नव्हे.

लांबचा_पल्ला

धागाकर्त्यांचे टोपणनाव वाचून हसू आले. टूर द फ्रान्समध्ये एकूण क्रमवारीत शेवटच्या येणाऱ्याला परंपरेने ‘लाल कंदील’ म्हणतात. आगगाडीच्या शेवटच्या डब्याला जो लाल दिवा असे, त्यावरून हे नाव पडले. बेल्जियमचा विम फानसेवेनांत हा २००६, २००७ आणि २००८ अशी सलग तीन वर्षे लाल कंदील ठरला. त्या शर्यतीत दररोज ठरावीक वेळेच्या आत पोचावे लागते, नाहीतर घरी पाठवतात. म्हणजे शेवटचा येण्यासाठीही तीन आठवडे रोज वेळेत पोचावेच लागते. तो संघातल्या प्रमुखांसाठी राबणारा माणूस होता आणि स्वतःचे काम झाल्यावर उरलेली शक्ती दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवी.

आपल्यासारख्यांसाठी मात्र मला ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांबचे अंतर पार करण्याचा प्रकार, अधिक योग्य वाटतो. २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी वीस, ४०० साठी सत्तावीस आणि ६०० साठी चाळीस तास मिळतात. ठिकठिकाणी कार्डावर शिक्के घ्यायचे आणि वेळेत परत यायचे, एवढेच. पहिला, दुसरा, तिसरा असे काही नसते. १२०० किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला ९० तासांची मुदत असते, तिथेही निकाल वेळेच्या क्रमाने न लावता नावांच्या अकारविल्हे लावतात. २०० चा हिशेब केला तर थांबे धरून ताशी सुमारे १४.८ किलोमीटर पडतात. आपला आजचा वेग त्याहून अधिक आहे. लगेच नाव नोंदवा असे म्हणत नाही, कारण अंतराची सवय हे वेगळेच प्रकरण आहे. पण अशीही एक जागा आहे, जिथे अठरा हा आकडा पुरेसा आहे.

आणि रोबेर मार्शां या फ्रेंच गृहस्थांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. जन्म १९११ चा. तरुणपणी सायकल चालवली, मग कित्येक दशके सोडली आणि सत्तरीकडे झुकताना पुन्हा धरली. शंभरी ओलांडल्यावर त्यांनी एका तासात २४.२५ किलोमीटर अंतर कापले आणि दोन वर्षांनी, २०१४ मध्ये, स्वतःचाच विक्रम मोडून २६.९२७ किलोमीटर केले. दरम्यान त्यांच्यावर अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना १०१ ते १०३ या वयात त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सुमारे तेरा टक्क्यांनी वाढलेली आढळली.

दोन_टायर_एक_हट्ट

मार्शां यांच्याविषयी आदर आहेच, पण अशा उदाहरणांनी मला कधी उठून बसवलेले नाही. शंभर वर्षांचा माणूस ताशी सत्तावीसने जातो, हे ऐकून सत्तावीसचा अठरा झालेल्याला नेमके काय वाटावे?

लांबचा_पल्ला

मान्य. मला त्यांच्या वेगाविषयी म्हणायचे नव्हते, खंडानंतर परतण्याविषयी म्हणायचे होते. पण आपण म्हणता तसेही ते वाचता येते खरे.

पहाटे_पाच

माझा खंड सात वर्षांचा होता. दोन मुले लहान होती. परतले तेव्हा वेगाचे दुःख करायला मला सवडच नव्हती. दिवसाकाठी हाती असलेला पाऊण तास आणि तो घरच्यांचा वेळ चोरून घेतल्याची बोचणी, एवढेच होते.

माझ्यापुरते मला असे दिसले की, उत्साह सायकलवर असताना कधीच कमी पडत नाही. तो कमी पडतो पहाटे पाच वाजता, अंथरुण आणि दार यांच्या मध्ये. म्हणून मी ते अंतरच कमी केले. टायरांत हवा आदल्या रात्री भरून ठेवते, कारण अरुंद टायरातली हवा दोन-तीन दिवसांत जाणवण्याइतकी उतरते, आणि पहाटेच्या अंधारात पंप शोधणे हे परत झोपण्यासाठी उत्तम निमित्त असते. कपडे बाहेर, बाटली भरलेली, हेल्मेटमध्ये मोजे आणि किल्ली. नियम एकच ठेवला आहे, तो म्हणजे पंधरा मिनिटे जायचेच आणि नको वाटले तर परत फिरायचे. वर्षभरात खरोखर परत फिरले ते चार वेळा, त्यांतले एकदा पंक्चरमुळे.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांचा सवयींवरचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला होता. नवी कृती अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागल्याचे त्यात दिसले, परंतु कोणाला १८ पुरतील तर कोणाला २५४ लागतील इतका त्यात फरक होता. मला दिलासा मिळाला तो त्यातल्या दुसऱ्या गोष्टीने. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा अडथळा आला नव्हता. मी एक दिवस चुकला की सगळे संपले असे मानून आठवडा सोडणाऱ्यांपैकी होते. धागाकर्त्यांना जेमतेम दोन महिने झाले आहेत आणि तेही आठवड्यातले तीनच दिवस, म्हणजे पंचवीस फेऱ्या. इतक्यात निकाल लावू नये, असे मला वाटते.

समोरचा_वारा

‘अंथरुण आणि दार यांच्या मध्ये’ हे अगदी पटले. माझ्या चिकटपट्टीचे काम तरी काय, त्या दोहोंमध्ये कालचा आकडा आठवू नये, एवढेच.

मागचा_दिवा (धागाकर्ता)

सात आठवड्यांनी लिहितो आहे. काहींनी खासगी संदेशातून चौकशी केली, म्हणून इथेच सांगतो.

क्रँक, मागची चक्रे, डिरेलर आणि साखळी बदलली. या साऱ्या चर्चेतला सर्वांत मोठा फरक त्या लोखंडाने पाडला, हे कबूल केले पाहिजे. चढावर आता उतरावे लागत नाही. पहिल्यांदा न उतरता वर पोचलो तेव्हा काहीतरी मोठे घडल्यासारखे वाटेल अशी कल्पना होती, प्रत्यक्षात नाकाच्या शेंड्यावरून घाम मीटरवर टपटपत होता आणि पायांना गोळे येऊ नयेत एवढीच प्रार्थना चालू होती. वरच्या मैलाच्या दगडापाशी सवयीने उतरलो. मग उतरण्याचे काही कारण नव्हते हे लक्षात येऊन पुन्हा बसलो.

दुसरे खाते उघडले. जुन्या खात्याचा परवलीचा शब्द कागदावर लिहून कपाटात ठेवला आहे. मीटरवर चिकटपट्टी लावण्याचा प्रयोग चार दिवस टिकला; माझा स्वभाव त्या बाबतीत दोन_टायर_एक_हट्ट यांच्या जवळचा निघाला. सरासरी विचाराल तर १९.६ आहे, वाऱ्याच्या दिवशी १७. मधले अकरा दिवस सर्दी-खोकल्याने बुडाले आणि त्यानंतरची पहिली सकाळ फार जड गेली, तेव्हा पंधरा मिनिटांचा नियम वापरला आणि खरोखरच पंधरा मिनिटांनी परत फिरलो. गटाकडे अजून गेलेलो नाही. म्होरक्यांना रविवारचा_प्रवासी यांचा प्रश्न विचारला होता, ते गोंधळले.

पहाटे_पाच

वाचून बरे वाटले. तो दप्तरवाला मुलगा पुन्हा भेटला का?

मागचा_दिवा (धागाकर्ता)

आठवड्यातून दोनदा तरी भेटतो. अजूनही ओलांडूनच जातो, पण आता मागे वळून पाहत नाही. पूर्वी तो क्षणात दिसेनासा होई, हल्ली वरच्या वळणापर्यंत त्याचे दप्तर मला दिसत राहते. परवा त्या दप्तराची चेन उघडी होती आणि एक वही अर्धी बाहेर आली होती. हाक मारून सांगावे असे फार वाटले, पण तेवढा दम नव्हता.